सासऱ्यांच्या बोटीचा कंडेन्सर

आमच्या घरात स्पष्टवक्तेपणाचा फार अभिमान. पाहुण्याला ‘आता निघा’ हे तोंडावर सांगता येतं. सासऱ्यांना मात्र ‘तुम्हाला दिसत नाही, बोट चालवू नका’ असं सांगायला गेल्या महिन्यापर्यंत कुणाची जीभ रेटली नाही.

सासरे निवृत्त प्राध्यापक, राहायला कर्वेनगरला. पानशेतच्या पाण्यावर त्यांची छोटी बोट आणि तिच्यामागे लटकणारं, माझ्याहून वयस्कर इंजिन. ते तापलं की बंद पडू लागलं. ठिणगीसाठी लागणारा कंडेन्सर गेलाय, असं निदान करून त्यांनी नवा आणायला मला धाडलं. तेव्हा बायको म्हणाली, “अहो, चुकीचाच आणा ना. आपोआप सुटेल त्यांचा बोटीचा नाद.” मेहुण्याने खराडीच्या ऑफिसातून फोनवर पाठिंबा दिला. इतक्या शूर माणसांत मीही शूर.

चुकीचा कंडेन्सर निवडणं योग्य निवडण्याइतकंच अवघड. तो जागेवर बसायला हवा, शंका यायला नको. नाना पेठेतल्या दुकानदाराने जुना नमुना चाचपला आणि दोन कंडेन्सर पुढ्यात ठेवले.

“हा बरोबर. तो दुसरा बसेल, पण क्षमता कमी. ठिणगीचे पॉइंट जळतील, इंजिन दगा देईल.”

“दुसरा द्या.”

“ऐकू येतं ना?”

“येतं.”

“मग घ्या. परत आणू नका.”

घरी सासऱ्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि माझ्या हातात दिला. “आकडा वाचा.” त्यांना हवा होता तो आकडा मी वाचला. त्यांनी समाधानाने मान डोलावली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्या कटात एवढंच ठरवायचं राहिलं होतं, की चाचणीला बोटीत बसणार कोण. रविवारी बसलो मीच. दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं, सासरे खूश. पाण्याच्या मधोमध ते ठसकलं आणि गप्प झालं. सासरे पुन्हा पुन्हा दोरी ओढत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, “निदान चुकलं माझं. आता डोकंही गेलं वाटतं.”

ते मात्र ऐकवेना.

“निदान बरोबर होतं, बाबा. कंडेन्सर मी चुकीचा आणला. मुद्दाम. आकडाही खोटा वाचला. तुम्हाला नीट दिसत नाही, आम्हाला भीती वाटते.”

त्यांनी दोरी सोडून दिली.

“दिसत नाही हे मला तुमच्याआधी कळलंय. म्हणून तर आकडा तुम्हाला वाचायला दिला.” त्यांनी वल्ही माझ्याकडे सरकवली. “बोट विका. घेणाऱ्याला मात्र इंजिनात काय घातलंय ते आधी सांगा. की त्यालाही मधोमध नेऊन सांगणार?”

मी वल्ही हातात घेतली. वल्हवणाऱ्याला मागे तोंड करून बसावं लागतं. किनारा येईपर्यंत ते माझ्यासमोरच होते.