अप्पांचा डावा तळहात

अप्पांना लकवा मारला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच वाक्य धरून ठेवलं होतं: नशीब म्हणायचं, डावा हात गेला, उजवा वाचला. मी म्हटलं, भावानं म्हटलं, जळकोटहून भेटायला आलेल्या प्रत्येकानं म्हटलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पलंगावर पडून हे ऐकायचे आणि पंख्याकडं बघत राहायचे. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. डाव्या हातानं तुम्ही काय करत होतात, असं त्यांना एकानंही विचारलं नाही.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. हाताची सत्तावीस हाडं फळ्यावर काढून दाखवते आणि पोरांना पाठ नसली की ओरडते. त्यामुळं हात म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा गोड गैरसमज होता.

अप्पांचं जळकोटला किराणा दुकान. आई जाऊन बरीच वर्षं झाली. दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार नांदेडलाच घ्यायचे होते, म्हणून भावानं दुकान सांभाळायचं आणि अप्पांनी माझ्याकडं राहायचं असं ठरलं. लेकीच्या घरी राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण करता काय! तोंड डावीकडं जरा ओघळलेलं, बोलणं जड, पण समजत सगळं होतं. महिन्याभरात काठी धरून, डावा पाय ओढत ते संडासापर्यंत जायला लागले. हात मात्र छातीशी दुमडून, मूठ आवळून बसला होता.

आणि ते जेवत नव्हते.

दोन घास खायचे, गोळ्या घ्यायचे आणि ताट सरकवायचे. "बास." सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर परत भरती करून नाकात नळी घालावी लागेल. मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

तरी विज्ञानाची बाई ना मी, एकेक कारण घेऊन तपासत बसले. चव गेली असेल म्हणून शेंगदाण्याची चटणी केली, धपाटे केले, त्यांच्या आवडीची हुग्गी केली, गव्हाची, गूळ घालून. दोन घास. गिळताना त्रास होत असेल म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेतलं. गिळणं चांगलं होतं. लेकीच्या घरचं अन्न गोड लागत नसेल म्हणून भावाला जळकोटहून डबा आणायला लावला. त्यातलेही दोनच घास! मग माझं डोकं फिरलं. "अप्पा, मला छळायचं ठरवलंय का तुम्ही?" असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांची डावी मूठ तेवढी आणखी आवळली, इतकी की नखं तळव्यात रुतली.

अप्पांना व्यायामाला नेत होतो ते केंद्र म्हणजे एक लांबलचक हॉल. आधी तिथं कोचिंग क्लास चालायचा. भिंतीवर अजून "यशाला शॉर्टकट नाही" असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली दोन आडव्या दांड्यांमधून माणसं पुन्हा चालायला शिकत होती. तिथली फिजिओथेरपीची मुलगी हिमायतनगरची, पंचविशीतली, आवाज खणखणीत. आत शिरलं की विचारायची, "काय म्हणून राहिला हात, काका?"

मी तिच्या मागं मागं फिरायचे आणि शाळेतल्या पोरांसारखे प्रश्न विचारायचे. तिला कंटाळा आला असेल, पण दाखवला नाही. भावानं मेडिकलमधून एक पिवळा रबरी चेंडू आणला होता, दाबायला. तो तिनं पहिल्याच दिवशी काढून घेतला. "आवळायचं या हाताला येतंच, ताई. त्याला उघडायचं शिकवायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आपल्याला उघडी पाहिजे." मला हे नवीनच होतं. मूठ वळायला ताकद लागते आणि सोडायला काहीच लागत नाही, असं मी समजत होते. लकव्यानंतर बहुतेक वेळा उलटं असतं म्हणे. बोटं मिटतात आपोआप, आणि उघडायला महिने जातात.

एकदा दुपारी अप्पांनी मोठी जांभई दिली आणि त्यांचा तो मेलेला हात आपला आपण वर उठला. बोटंसुद्धा सैल झाली. मी किंचाळलेच! नवऱ्याला ऑफिसात फोन, भावाला जळकोटला फोन, हात आला, हात आला! दुसऱ्या दिवशी ती मुलगी हसली. जांभई देताना काही जणांचा हात असा उठतो, म्हणाली, त्यात त्यांची मर्जी नसते. मी हिरमुसले, पण घरी जाऊन अप्पांच्या समोर बसले आणि मुद्दाम खोट्या जांभया देत राहिले, बघू त्यांना येते का. "येड लागलं काय गं तुला," अप्पा म्हणाले. लकव्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

दुसरी एक गोष्ट मला आवडली नाही, पण ती खरी होती. माझा आवाज चढला की अप्पांची मूठ आवळायची. केंद्रात मी त्यांना "अप्पा, नीट करा की!" म्हटलं, आणि त्या मुलीनं इतक्या वेळानं कसाबसा सैल केलेला अंगठा डोळ्यांदेखत आत गेला. "बघा," ती म्हणाली, "तुम्ही ओरडल्या की माझी अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात." मी घरी दोनदा तपासून पाहिलं. दोन्ही वेळा तसंच झालं.

आणि मग एके सकाळी तिनं तो प्रश्न विचारला. अप्पा हाताचा व्यायाम करायला तयारच नव्हते. पाय म्हटलं की उठायचे, हात म्हटलं की तोंड फिरवायचे. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "काका, या हातानं रोज काय करायचात तुम्ही?"

"काही न्हाई हो," मीच उत्तर दिलं. "ते उजवेच आहेत."

"मी काकांना विचारून राहिले, ताई."

अप्पांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि तळवा वर करायला लागले. तो वळेना. त्यांनी मनगट पिळलं, बोटं एकेक करून उकलायला गेले. एक उकललं की दुसरं मिटायचं. कपाळावर घाम आला. शेवटी उजवा हात त्यांनी छातीवरच्या चांदीच्या डबीवर ठेवला आणि मान खाली घातली.

मला कळलं. अगं बाई गं, मला तिथं उभ्या उभ्या कळलं!

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळालेलं छोटं शिवलिंग, रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं, नजर तिथं लावून बसायचं. मगच अन्न. अप्पांनी साठ-पासष्ट वर्षांत यात खंड पडू दिला नव्हता. माझं स्वतःचं इष्टलिंग नोकरी लागल्यावर कधीतरी कपाटात गेलं, ते तिथंच आहे. त्यामुळं रोज सकाळी अप्पा आंघोळ करून भिंतीकडं तोंड करून बसतात, डबीवर नुसता हात ठेवतात आणि मग येऊन दोनच घास खातात, हे मी तीन महिने बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. हुग्गी करत होते मी, हुग्गी!

"अप्पा, मला सांगायचं नाही का?"

"सांगून काय करणार व्हतीस?" ते जड जिभेनं म्हणाले. "त्या मशीनीच्या टायमाला तू काढून पर्शीत टाकलीस."

खरं होतं. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही म्हणून डबी काढायला लावली, आणि मी ती पर्समध्ये टाकली होती, किल्ल्या आणि रुमालाबरोबर. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं, आणि मी ते कुठं टाकलं हे त्यांनी पाहिलं होतं.

"मग उजव्या हातावर घ्या ना," मी म्हटलं.

"अन् वाहू कशानं?"

"पाटावर ठेवा."

"पाटावर ठेवायला ते काय देव्हाऱ्यातलं हाय का?" आणि मग, खालच्या आवाजात, "हातावरून पडलं म्हंजे?"

हीच खरी भीती होती. पडण्यापेक्षा त्यांनी डबी बंद ठेवली होती, आणि डबी बंद म्हणून पोट बंद. गोळ्यांसाठी म्हणून दोन घास, तेही चोरी केल्यासारखे.

हिमायतनगरच्या त्या मुलीला आमच्या पूजेतलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बारीक बारीक विचारून घेतलं: तळवा किती सपाट लागतो, किती वेळ, बोटं कशी. मग मांडीवर हात मारून म्हणाली, "काका, मनगट उताणं करायचं आणि बोटं उघडायची, हेच तर मी तुमच्याकडून मागून राहिले दोन महिने! आधी दुसरं काहीतरी ठेवू. ते पडलं तर पडू द्या. पण पोटात काही नसलं तर हात उघडायचा न्हाई, सांगून ठेवते." तेव्हा अप्पा दूध आणि पेज प्यायला तयार झाले. जेवण म्हणून नाही, औषध म्हणून.

तळहातावर काय ठेवायचं ते अप्पांनीच ठरवलं. दुकानात काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून जुनी वजनं डब्यात पडून होती. भावानं त्यातलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन आणून दिलं. रोज सकाळी कोमट पाण्यात हात, मग टेबलावर तळवा टेकून भार देणं, मग कोपराखाली उशी घेऊन मनगट उताणं करणं, आणि शेवटी ते वजन. टण्ण! फरशीवर. पुन्हा टण्ण. मी खाली सतरंजी घातली तर म्हणाले, "काढ ती. पडलेलं कळाय पायजे." खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, तुमच्याकडं काय बांधकाम चालू आहे का. भेटायला आलेले एक गृहस्थ माझ्या कानात कुजबुजले, कबुतराच्या रक्तानं चोळा, हात धावतो. लिंगायताच्या घरात! मी तोंड उघडलं, अप्पांच्या मुठीकडं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेले.

त्या दिवसांत मला डाव्या हातांचं खूळच लागलं. बसमध्ये, बाजारात, स्टाफरूममध्ये मी लोकांचे डावे हात बघत बसायचे. उजवा लिहितो, तेव्हा डावा कागद धरतो. उजवा कापतो, तेव्हा डावा कांदा धरतो. बहुतेक वेळ तो फक्त धरून असतो. माझा डावा हात काय करतो हे मला चाळिशी उलटल्यावर समजत होतं.

वजन आधी श्वासभर टिकलं. मग मी वीसपर्यंत मोजायला लागले, मग मोजणं सोडलं. बोटं पूर्ण उघडली नाहीत, आजही उघडत नाहीत. पण तळव्याची एक उथळ वाटी झाली आणि तिच्यात वजन बसायला लागलं. एका मंगळवारी ते पडलंच नाही. अप्पा म्हणाले, "उद्या करतो." भाऊ फोनवर म्हणाला, महाशिवरात्र महिन्यावर आली आहे, चांगला दिवस साधेल. "तवर उपाशी मारतोस का?" अप्पांनी विचारलं आणि फोन माझ्याकडं दिला.

बुधवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. अप्पा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून खुर्चीत बसले. कोपराखाली उशी. मी त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसले. त्यांनी उजव्या हातानं मनगट उताणं केलं, डबी उघडली आणि इष्टलिंग तळहातावर ठेवलं. हात थरथरला. करंगळी आत यायला लागली. मी काही ठरवलं नव्हतं, पण माझी ओंजळ त्यांच्या हाताखाली गेली, बोटभर अंतरावर.

"हात काढ," अप्पा म्हणाले. नजर तळहातावरून हलली नव्हती.

"अप्पा, पडेल!" माझा आवाज चढला, आणि त्यांचा अंगठा आत वळताना मला दिसला.

मी तोंड मिटलं. श्वास घेतला. मग शक्य तितक्या हळू म्हणाले, "काढते." ओंजळ मागं घेतली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, नाहीतर ते पुन्हा गेले असते. मला इतकी भीती कुठल्याच दवाखान्यात वाटली नव्हती.

अंगठा हळूहळू परत बाहेर आला. अप्पांनी पाणी वाहिलं, ते मनगटावरून ओघळलं. भस्म वाहिलं. बेलाचं पान वाहिलं, ते घसरून फरशीवर पडलं. त्यांनी दुसरं घेतलं. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणी उठलं नाही. हात थरथरत होता, पण उघडा होता.

त्यांनी इष्टलिंग कपाळाला लावलं, डबीत ठेवलं, डबी बंद केली. डावा तळहात तसाच मांडीवर उताणा होता. त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मला विचारलं, "काय केलंस आज?"

"वरण, भाकरी. मेथीची भाजी."

"वाढ की मग."

लकवा मारल्यापासून त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. मी भाकरी तव्यावरून थेट ताटात आणली. ते जेवत होते आणि मी समोर बसून उघड उघड रडत होते, लपवावंसंही वाटलं नाही.

"भाजीत मीठ कमी हाय," अप्पा म्हणाले.

"बीपी आहे तुम्हाला. कमीच राहणार," मी डोळे पुसत म्हटलं, पण हळू.

अप्पांनी दुसरी भाकरी मागितली.