परत मोजलेली अक्षरं
तापलेल्या संगणकाचा वास आला की सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची बंद खिडक्यांची लॅब आठवते. कमीत कमी अक्षरांत प्रोग्रॅम लिहायची स्पर्धा होती आणि अक्षरं मोजणारं सॉफ्टवेअर मी बनवलं होतं. बक्षीस समारंभाआधी, पडद्यावरच्या निकालात दुसरी दिसणारी, वैराग गावची एक मुलगी माझ्याकडे आली. “दादा, माजी अक्षरं परत मोजा की. मी वहीत मोजल्यात, कमी भरत्यात.” मी तपासलं. तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्त पडत होतं आणि माझं सॉफ्टवेअर तेही मोजत होतं. खरी पहिली तीच होती. मी धावत जाऊन स्पर्धा घेणाऱ्या सरांना सांगितलं. “पाहुणे स्टेजवर बसलेत. आता एक शब्द बोलू नकोस,” असं म्हणत त्यांनी निकालाचा कागद माझ्याच हातात कोंबला आणि मला माईकपुढे उभं केलं. सर शेजारीच उभे होते, समोर ती बसली होती. मी कागदावरचं नाव वाचलं. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, “परत मोजलं नव्हं?” मी ‘हो, मोजलं’ अशी मान हलवली. “मग माजंच चुकलं आसंल,” म्हणत ती एसटी गाठायला निघाली. ती तिथंच भांडली असती तर मी सुटलो असतो, असं मला अजून वाटतं.