धोंड्याच्या महिन्यातले मांडे

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत चिकुनगुनिया शिरला आणि सगळी गल्ली वाकून चालू लागली. माझा ताप आठवड्याच्या आत उतरला, तर मी लगेच घरोघरी सांगून आले की आपलं अंगच मुळात खमकं. तोंडाला लगाम नाही, दुसरं काय.

ताप गेला, सांधे राहिले. सकाळी उठावं तर बोटं वळेनात, चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. शेजारणीनं सांगितलं, बिब्बा लाव. मी शहाणीनं दोन्ही मनगटांवर लावला. फोड आले, म्हणजे एका दुखण्याची दोन झाली.

रिसोडचे डॉक्टर आधी बिब्ब्यावरून बोलले. मग म्हणाले, "ताप आणणारा विषाणू गेला, ताई, पण त्यानं आणलेली सूज सांध्यांत राहिली. काहींना महिने लागतात, काहींना वर्षं."

"म्हणजे पाहुणा गेला अन् बोचकं इथंच ठेवून गेला," मी म्हटलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

कारण मला घोर होता तो वेगळाच. ताप यायच्या आधीच्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं होतं. माझी आखडलेली बोटं पाहून सासरचे म्हणतील, वात यांच्या घराण्यातच आहे, उद्या पोरीलाही होईल. म्हणून मी वर्षभर हात पदराखाली घेऊन हिंडले. त्यात लग्नात मीच जावयाला सांगून बसले होते, अधिक महिन्यात धोंड्याला या, खापरावरचे मांडे खाऊ घालते. तो महिना आला, लेक-जावई आले, सोबत विहीणबाईही आल्या.

"अवं, साधे धोंडे तळ अन् मोकळी हो," नवरा म्हणाला.

"अन् मी देल्ल्या जबानीचं काय?"

पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद तापल्या खापरावर टाकायचा, हा माझ्या डाव्या हातचा मळ. पहिलाच मांडा मनगटातून निसटला आणि खापरावर घडी होऊन पडला. मी म्हटलं, खापर तापलं नाही. दुसरा फाटला, तेव्हा गहू नवा होता. तिसऱ्याच्या वेळी लाकडं ओली निघाली. जावई बिचारे मुकाट्यानं तुकडे खात होते.

विहीणबाई पाटावर बसायलाच तयार नव्हत्या. "मी उभ्यानंच बरी," म्हणाल्या. माझा पारा चढला. आमच्या घरचं अन्न बसून खायच्या लायकीचं नाही की काय? बळेबळे बसवलं. जेवणं झाली, सगळे उठले, या बाई जागच्या हलेनात. मला वाटलं पोट भरलं नाही, म्हणून आणखी एक तुकडा वाढला.

"इहीनबाई, पुरे," त्या हळूच म्हणाल्या. "मले उठता येत नाही. गेल्या पावसाळ्यात ताप आला, तवापासून गुडघे धरले."

मी हात पुढे केला. त्यांनी धरला, पण माझी बोटं मिटलीच नाहीत आणि त्यांचा हात सुटला. पदर शोधेपर्यंत त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"तुमालेही? मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी म्हणसान, रोगाच्या घरची पोरगी आणली. अन् तुमी काहून लपवलं?"

"तुमी म्हणसान, दुखणाईत सासूच्या घरी पोरगी देल्ली."

मी हसत हसत त्यांच्याजवळ खाली टेकले. जमिनीवर हात टेकल्याशिवाय मलाही उठता येत नाही, अन् हातांत तर जोरच नाही, हे खाली बसल्यावर आठवलं.

शेवटी लेकीला हाक मारली. तिनं आधी सासूला उठवलं, मग मला. उठवताना तिनं स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि बारीकसं कण्हली. आम्ही दोघी एकदमच बोललो, "तुले त ताप नव्हता ना आला?"

ती नाही म्हणाली. तरी आम्ही दोघींनी तिचा एकेक हात धरला आणि एकेक बोट वळवून पाहिलं.