न झोपलेल्या बाईचा फोटो

खरं सांगतो, एआय या प्रकाराची मला सुरुवातीला बिलकुल भीती वाटली नाही. उलट हसूच आलं. निजामपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत मी किती खोटे फोटो बनवले ते मलाही सांगता यायचं नाही. जन्मात कधी कोट न घातलेल्या माणसाला तो गेल्यावर कोट-टाय घातलाय. ज्या नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही त्यांना एका फ्रेममध्ये शेजारी बसवलंय. मिटलेले डोळे उघडलेत, पडलेले दात परत बसवलेत. घरचे लोक तो फोटो भिंतीवर लावतात, हार घालतात आणि म्हणतात, काय हुबेहूब आलेत हो बाबा! त्यामुळे आमच्या फोटोग्राफी क्लबात एआयची चर्चा सुरू झाली तेव्हा मी सरळ म्हणालो, "हे धंदे मी कॉम्प्युटर यायच्या आधीपासून करतोय, ब्रश हातात घेऊन. मला काय शिकवताय?"

क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. स्टुडिओच्या माळ्यावर दर रविवारी आम्ही सात-आठ जण जमतो. एक मेडिकलवाले, दोघे कारखानदार, एक रिटायर्ड तलाठी आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई. गल्लीत चारही बाजूंनी कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असतो, म्हणून आम्ही सगळे मोठ्यानेच बोलतो. नवीन माणसाला वाटतं भांडणं चाललीयेत. माझ्यापुरतं बोलायचं तर बरेचदा ते खरंही असतं.

तर त्या वर्षी बाईंनी टूम काढली की शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकाने एक फोटो खरा काढायचा, एक एआयकडून बनवून घ्यायचा, दोन्ही शेजारी लावायचे आणि येणाऱ्या लोकांना विचारायचं, ओळखा यातला खरा कोणता. लोक फसतात कसे हे लोकांनाच कळू दे, असं त्यांचं म्हणणं. कल्पना मला आवडली. आवडली म्हणण्यापेक्षा, जिंकायची खुमखुमी आली.

फोटोसाठी आम्ही पूर्णा गावात गेलो. तिथे आता शेतं कुठली, सगळी गोडाऊनं. गोडाऊनला माणसं पुरवणारा तिथलाच एक कंत्राटदार माझ्या ओळखीचा. त्याच्या मुलीच्या हळदीचा आल्बम मीच केला होता, त्यामुळे त्याने आम्हाला आत सोडलं. तिथे एक बाई मला दिसली. तिशीची असेल. अंगात नारिंगी जॅकेट, हातात स्कॅनर, समोरून खोके सरकताहेत आणि ही एकेकावर टिकटिक करतेय. चेहऱ्यावर दमणूक अशी स्पष्ट की मी लगेच क्लिक केलं. ती कामात होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन मी तोच फोटो एआयला दिला आणि लिहिलं, हीच बाई खोक्यांवर डोकं टेकून झोपलेली दाखव. अर्ध्या मिनिटात फोटो तयार. काय सांगू! वरच्या पत्र्यातल्या काचेतून ऊन तिच्या गालावर पडलंय, हात खोक्यावर सैल सुटलाय, स्कॅनर बाजूला ठेवलाय. मी तीस वर्षांत असा उजेड पकडला नव्हता. रविवारी मी तो सगळ्यांना दाखवला. सगळे वा वा करत होते आणि चित्रकलेच्या बाई तेवढ्या फोटो जवळ घेऊन बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"की तुम्हाला झोपलेलं दाखवू का."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाई, मी मेलेल्या माणसांना कोट घातलेत. त्यांना काय विचारून घातले?" सगळे हसले. बाई नाही हसल्या. आणि मी, शहाणा, नेहमीच्या सवयीने कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकलं, वर 'दमलेली' एवढं लिहिलं आणि बुधवारी तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवून दिला.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास स्टुडिओच्या काचेवर कुणीतरी थाप मारली. दार उघडलं तर एक म्हातारी, नऊवारी खोचलेली, आणि तिच्यामागे तीच बाई. जॅकेट नव्हतं म्हणून मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"फोटो काढनारा तू काय रं?"

"हो, मीच. बसा ना."

"बसाया न्हाय आलू. माजी सून कामावं झोपत न्हाय. समाजला? पाच वर्सं झाली, येक दिस खाडा न्हाय तिचा. आनि तू तिला झोपवतोस?"

मला आधी काही कळेचना. मग सुनेने सांगितलं, तिचा आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. कंत्राटदाराने माझं स्टेटस पाहिलं होतं. तिथून तो फोटो कंपनीच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर गेला. गुरुवारी संध्याकाळी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, तू ड्युटीवर झोपतेस. ती म्हणाली, मी झोपलीच नव्हती. तर तिच्यासमोर फोटो धरला. चेहरा तिचा, जॅकेट तिथलं, खोके तिथले. शुक्रवारी ती गेटवर गेली, वॉचमनने आत सोडलं नाही. आज सकाळी परत गेली, परत तेच. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव वाचून दोघी अंबाडीच्या बाजूच्या त्यांच्या गावातल्या एका रिक्षावाल्याला धरून माझ्यापर्यंत पोचल्या होत्या.

"घरात मीच कमावते," ती म्हणाली. "नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेल्यापासून. ही ड्युटी गेली तर मला दुसरीकडे कोण घेणार? सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मी झोपलेली आहे."

मी माफी मागायला लागलो. चुकलं, तसं मनात नव्हतं, मला तर तुमच्याबद्दल वाईटच वाटलं होतं, असलं काहीबाही. तिने हात वर केला.

"माफी नको काका. तुम्ही चला माझ्याबरोबर. फोटो तुम्ही बनवला, तुम्हीच सांगा."

मी शटर ओढलं. निघताना चित्रकलेच्या बाईंना फोन केला. वाटलं होतं त्या आता ऐकवणार, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मी येते." खड्डे आणि कंटेनर यांच्या मधून आमची रिक्षा पूर्ण्याला पोचेपर्यंत म्हातारी माझ्या शेजारी बसून एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चित्रकलेच्या बाई आमच्या मागोमाग पोचल्या. कंत्राटदार गोडाऊनच्या दारात टेबल टाकून बसला होता. जेवणाची सुट्टी झालेली, आजूबाजूला माणसं डबे उघडून बसली होती. मला पाहून तो खूश झाला. म्हणाला, या या, काय फोटो काढलात, कंपनीच्या मानसांनी बी बाई लगेच वळखली. मी म्हणालो, शेठ, तो फोटो खोटा आहे.

त्याला पटेना. मी मूळ फोटो दाखवला, ज्यात ती उभी राहून काम करतेय. तर म्हणतो, हा आधीचा, तो नंतरचा. मी म्हटलं, अहो, या झोपलेल्या फोटोत खोक्यांवरची अक्षरं बघा, कुठल्या भाषेतली आहेत ती तरी? त्याने बघितलंसुद्धा नाही.

"मास्तर, तुम्ही काढलेला फोटो खोटा कसा असंल? माज्या पोरीच्या हळदीचा आल्बम तुम्हीच काढला ना? तो बी खोटा हाय काय?"

आता आली का पंचाईत! कारण त्या आल्बममध्ये त्याचा थोरला भाऊ आहे. हळदीच्या दिवशी तो दवाखान्यात ॲडमिट होता. यानेच मला सांगून त्याला फॅमिली फोटोत, बरोबर मधोमध, उभं करून घेतलं होतं. चारचौघांत बोलावं की नाही असं झालं, पण त्या बाईकडे पाहिलं आणि बोललो.

"त्यात तुमचे दादा नव्हते. तुम्ही सांगितलंत म्हणून मी आणले."

तो जरा वरमला. मग म्हणाला, "ती गोष्ट येगळी. त्याला तुमाला चार दिस लागले. मी बघितलाय ना, डोळं फोडून काम करत व्हते. हितं कोन कशाला चार दिस घालवंल? ह्या बाईसाटी?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याचा हिशेब माझ्याच धंद्यातून आलेला होता. खोटा फोटो म्हणजे मेहनतीचं काम, ते माणूस मोठ्या कारणासाठीच करतो. साध्या बाईला झोपवायला कुणी एवढं खपणार नाही, म्हणजे फोटो खराच. मी स्वतः इतकी वर्षं असाच विचार करत होतो. मेहनत लागते तोवर माणूस चार वेळा विचार करतो. मी अर्ध्या मिनिटात काम उरकलं आणि विचार एकदाही केला नाही. मला त्या टेबलापुढे उभं राहून अक्षरशः लाज वाटली.

"शेठ, तुमचा एक फोटो काढू का?" मी विचारलं. "आणि त्यात तुम्हाला झोपवू का? तुमची परवानगी असेल तरच."

तो हसला. म्हणाला, बघू तर काय करताय.

पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, टेबलावर कोपर टेकलेलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच्यासमोरच लिहिलं. चित्रकलेच्या बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या, डबे सोडून आठ-दहा जण उठून आले. ते टेबलाभोवती जमतात न जमतात तोच फोटो आला. शेठ खोक्यांच्या थप्पीवर आडवे, तोंड उघडं, चेन मानेवर लोंबतेय, एक चप्पल पायातून निसटलेली. माणसं आधी दबकत हसली, मग खो खो. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती.

कंत्राटदाराने मोबाइल माझ्या हातातून ओढून घेतला. चेहरा लाल.

"हा मी न्हाय! मी कवा झोपलो? ए, सांगा रं, मी कवा झोपलो हितं?"

मग ती पुढे झाली. आवाज तसाच शांत.

"शेठ, मी पण दोन दिवस हेच बोलत होती."

तो तिच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने मान खाली घातली, मोबाइल माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "आधी हा पुसा." मी पुसला. मग त्याने तिच्यासमोरच सुपरवायझरला फोन लावला आणि तीन वेळा सांगितलं, फोटो बनावट हाय, बाई झोपली न्हवती, माजी चूक झाली. चूक माझी होती, त्याची कमी. मी फोन मागून घेतला आणि स्टुडिओचं नाव सांगून तसं बोललो.

"सोमवारपासून ये," तो तिला म्हणाला.

"सोमवार कशाला? शिफ्ट चालू आहे." तिने सासूकडे पिशवी दिली, खुंटीवरचं जॅकेट काढलं आणि आत गेली. म्हातारी तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "च्या पी आता, बाबा. तुजा त्वांड उतारलाय."

त्यानंतरच्या रविवारी मी माळ्यावर सगळ्यांसमोर चित्रकलेच्या बाईंची माफी मागितली. असल्या बाबतीत मी फार कंजूष आहे, त्यामुळे मेडिकलवाले तर चकितच झाले. आम्ही ठरवलं की ज्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय एआयच्या जवळपासही न्यायचा नाही. मी क्लबातल्या सगळ्यांनी काढलेले फोटो घेऊन परत गोडाऊनला, लूमवर, बाजारात फिरलो. निम्म्या लोकांनी हो म्हटलं, निम्म्यांनी नाही. नाही म्हणणाऱ्यांचे फोटो काढून टाकताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

तिलाही विचारायला गेलो. मनाशी धरून गेलो होतो की ती म्हणणार, पुसून टाका. तिने मोबाइल हातात घेतला आणि फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"मी झोपल्यावर अशी दिसते?"

"माहीत नाही. हे त्याने मनाने केलंय."

"एवढी निवांत मी कधी झोपलीच नाही काका," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. "लावा हा. पण खाली मी सांगते ते लिहायचं. आणि मी स्वतः येणार."

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस होतं. तिची सुट्टी रविवारी, त्या दिवशी ती आली, हिरवी काठाची साडी नेसून, सासूला घेऊन, आणि कामावरच्या पाच-सहा जणीही आल्या. दोन फोटो शेजारी लावले होते, एकात ती उभी, एकात झोपलेली. खाली चित्रकलेच्या बाईंच्या सुंदर अक्षरात तिचं वाक्य होतं: 'ही बाई झोपली नव्हती. खात्री करायची असेल तर तिलाच विचारा, ती इथे उभी आहे.'

लोकांनी विचारलं. दिवसभर विचारलं. तिने प्रत्येकाला सगळं सांगितलं, गेटपासून टेबलापर्यंत, आणि शेवटी प्रत्येक बाईला बजावलं, "तुमचा कुणी असा बनवला तर घाबरून घरात बसायचं नाही. मला फोन करा, हे काका येतील." मला कुणी विचारलंही नव्हतं. मी लांबून मान हलवली.

दुपारी गल्लीतले एक म्हातारे लूमवाले चाचा आले. चष्मा वर करून त्यांनी वाक्य वाचून घेतलं, फोटो पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"तो बेटी, सोती कब हो?"

"आज," ती म्हणाली. "घर जाके."

आणि संध्याकाळी चार वाजता, प्रदर्शन ऐन भरात असताना, ती खरंच घरी गेली.