हट्ट्याची वावडी आणि आमची रिकामी पेटी

हिंगोली स्टेशनवर उतरलो तेव्हा फलाटावरच्या प्रत्येकाने आधी पेटीकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. पेटी होतीच तशी. माणसाएवढी लांब, जाड पुठ्ठ्याची, आतून मलमलीचं अस्तर. तिचं पुढचं टोक माधवदादाच्या हातात, मागचं माझ्या. जिन्यावर ती वळेना, तेव्हा एका हमालाने हळूच विचारलं, "कोन गेलं, बाई?"

मला जे हसू फुटलं ते एसटी स्टँडपर्यंत आवरलं नाही.

माधवदादा माझा आत्येभाऊ. पुण्यात राहतो आणि पतंगांच्या इतिहासावर जीव टाकतो. चीनमधले रेशमी पतंग, नवाबांच्या गच्चीवरचे पतंग, सगळे त्याला तोंडपाठ. फक्त वावडी (शेपटीचा, आवाज करणारा जुना मोठा पतंग) त्याने डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. जुन्या मराठी लिखाणात ती सापडते. याच मुलखातल्या एका संताच्या पदात कागदाचा पतंग उडतो. पण खरीखुरी जुनी वावडी कुठेच उरलेली नाही, आणि त्यापायी दादाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडून बसलं होतं. अशात हिंगोलीकडच्या हट्टा गावच्या गंगाधररावांचा फोन आला, "आमच्या घरी आढ्याला एक बांधून हाय, या." मी चित्रं काढते, म्हणून रेखाटनासाठी दादाने मलाही उचललं.

एसटीत कंडक्टरने पेटीवर टिचकी मारली. "ह्यात काय हाय?"

"काही नाही. रिकामी आहे," दादा म्हणाला.

"रिकामी पेटी दोघं दोघं धरून काहून नेऊन राहिले?"

"येताना भरलेली असेल."

"मंग तिकीटबी येतानाच घ्या," म्हणून तो पुढे गेला. दादाला हा मोठा शुभशकुन वाटला.

औंढ्यावरून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडलेली. मार्चचं ऊन, त्यात तो उग्र, गोडसर वास. हट्ट्याला उतरेपर्यंत आमच्या कपड्यांनाही तो लागला होता.

गंगाधरराव साठीचे, हळदीचे शेतकरी, बोलायला दिलखुलास. त्यांच्या पत्नी रुक्मिणमामींनी आधी पानावर बसवलं. शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे कढणात शिजवलेले वळसे), भाकरी आणि असा ठेचा, की दादा पतंगांचा सगळा इतिहास क्षणभर विसरला. मग आढ्याची गाठ सोडली आणि वावडी खाली आली.

ती माझ्यापेक्षा उंच होती. बांबूच्या कामट्या, मधाच्या रंगाचा झालेला कागद, वरच्या कमानीला ताणून बसवलेली ताडाच्या पानाची पट्टी. दादाने हातमोजे चढवले. आणि सवयीप्रमाणे त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर शेपटीला कापडी चिठ्ठी बांधली. पुण्याच्या घरातल्या प्रत्येक पतंगाला तो अशी बांधतो : वर नाव, खाली स्वतःचा फोन नंबर आणि मध्ये लाल अक्षरांत 'हात लावू नये'.

मामी चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "मंग उडवायची कशी?"

"उडवायची?" दादा पांढरा पडला.

तेव्हा कुठे उलगडा झाला. या घराची रीत अशी, की दरसाल वावडी करायची, एकदा उडवायची आणि दोर कापून सोडून द्यायची. घरातली इडापिडा तिच्यासोबत जाते. जिथे पडेल तिथल्या माणसाने ती पुन्हा उडवायची आणि सोडायची. म्हणूनच एकही उरली नव्हती! ही उरली, कारण ही केली त्या वर्षी गंगाधररावांच्या वडिलांचा पाय मोडला आणि पुढे कन्नी (पतंगाला दोर बांधायची गाठ) बांधणारं घरात कुणी राहिलं नाही.

"तुमी पतंगाचे मोठे जाणकार," गंगाधरराव म्हणाले. "म्हणून तर बलावलं. सालोसाल तिचं जाणं अडकून पडलंय."

"अहो, एवढी एकच राहिलीय," दादा रडकुंडीला आला. "फाटली तर?"

गंगाधररावांनी डोकं खाजवलं. "असं करू. कन्नी तुमी बांधा. उडाली तर सोडायची. न्हाई उडाली तर बराबर तुमच्या पेटीत. मंग तर झालं?"

दादाचा चेहरा असा उजळला, की मला त्याची लाज वाटली. आयुष्यात त्याने एकही पतंग धड उडवलेला नाही, हे मला ठाऊक होतं.

ज्वारी काढलेल्या रानात निम्मं हट्टा जमलं. दादाने कन्नी बांधली. अंबाडीचा दोर गंगाधररावांच्या हातात, वावडी दोन गड्यांच्या डोक्यावर. वारा आला, त्यांनी ती सोडली. ती वर उठली, नाक खाली घातलं आणि ढेकळांत येऊन बसली.

"न्हाई उडाली," कुणीतरी हळहळलं. गंगाधररावांची मान खाली गेली. मी पेटीचं झाकण उघडलं. जिंकलोच होतो आम्ही.

आणि दादा ओरडला, "अहो, गाठ खाली झाली! दोन बोटं वर हवी!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. गप्प बसला असता तर वावडी त्याची होती. पण चुकीची कन्नी समोर दिसत असताना गप्प बसणं त्याच्याच्याने होणार कसं? त्याने हातमोजे फेकले, गुडघे टेकले, दातांनी गाठ सोडली आणि दोन बोटं वर बांधली.

या वेळी ती चढली. चढली म्हणजे किती! वर जाताच पट्टीतून गूं-गूं असा आवाज निघाला आणि सगळं रान ओरडायला लागलं. दादा ढेकळांत नाचत होता, गंगाधररावांच्या डोळ्यांत पाणी होतं, मामी पदर खोचून दोर ओढत होत्या आणि मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते मला आठवत नाही.

मग मामींनी विळा आणला. "कन्नी ज्यानं बांधली, त्यानंच कापायचं."

दादा विळा घेऊन उभा राहिला. "जरा वेळ," म्हणाला. सगळ्यांनी तो दिला. मग त्याने कापलं. वावडी रस्त्याच्या अंगाला सरकत गेली आणि झाडांपलीकडे दिसेनाशी झाली.

परतीच्या एसटीत दादा खिडकीतून आभाळ न्याहाळत होता. तोच सकाळचा कंडक्टर भेटला. "भरली का?" त्याने विचारलं. आम्ही नकारार्थी माना हलवल्या. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता, की सगळ्या बसने ऐकलं.

"हॅलो, मी वारंगा फाट्यावरून बोलून राहिलो. ट्रकडायवर. तुमचं हे कायतरी भलंमोठं आमच्या ताडपत्रीवर बसून आलंय. वर लिवलंय, हात लावू नये. आमचा चहा कवाच झाला. ट्रक हलवू का न्हाई?"

दादा ताडकन उभा राहिला आणि त्याचं डोकं वर सामानाच्या फळीला आपटलं. "फाटलीय का?"

"न्हाई, धडधाकट हाय. वाऱ्यानं गूं-गूं करून राहिली."

"दादा," मी त्याची बाही ओढली, "औंढ्याला उतरू, वारंग्याला गाडी करून जाऊ. पेटी आहेच. सोडायची होती, सोडली. आता कुणाचं काय जातं?"

दादाने पेटीकडे पाहिलं. मला वाटलं, उतरतोय. त्याने डोळे मिटले.

"लावा हात," तो फोनमध्ये म्हणाला. "कन्नी बांधलेली आहे, चांगली आहे. दोर लावा, उडवा आणि सोडून द्या. चिठ्ठीवरचं ते लाल खोडा." थोडं थांबून म्हणाला, "नंबर मात्र राहू द्या."

कंडक्टरने टाळी वाजवली. पेटीचं तिकीट त्याने मागितलंच नाही.

पुण्याला आलो. पेटीत मामींनी दिलेली हळद होती, अस्तर कायमचं पिवळं झालं. शेवटचं प्रकरण अजून लिहून झालेलं नाही, कारण वावडी जिथे उतरते तिथून फोन येतात. कळमनुरीकडून आला, मग पार यवतमाळच्या अंगाने आला. मला प्रवासातून काहीतरी घेऊन यायची हौस. या खेपेला हळद सोडली तर रिकाम्या हाताने आले आणि इतकी खूश मी कधी परतले नव्हते.

परवा जेवताना पुन्हा फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. बहुतेक त्या माणसाचे दोन्ही हात दोरात गुंतले असावेत. नुसतं गूं-गूं ऐकू येत होतं. दादाने फोन ताटाशेजारी ठेवला आणि भात गार होईस्तोवर आम्ही दोघं ऐकत बसलो.