खालून पहिली ओळ

माझी आत्या आयुष्यभर दर शनिवारी पितळ घासत आली. घरचं नव्हे, चर्चचं. आमच्या शहरातलं ते जुनं अँग्लिकन चर्च बंदरावरच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं. लढाईत तिथे जखमी निजवले, पुढे गिरण्या आल्या तेव्हा बाकांवर जागा मिळेना, आणि गिरण्या बंद पडल्यावर बाकं ओस पडली. त्यानंतरही वेदीवरचे दिवे मात्र कधी काळवंडले नाहीत, कारण ते आत्याच्या ताब्यात होते. पाद्री तिला चकचकबाई म्हणत. ती नाक मुरडायची, पण तिला ते आवडायचं.

तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ, तिथेच घंटा वाजवायचा. वीज पडून मनोऱ्याला आग लागली तेव्हा घंटा वाचवायला चौघं वर चढले आणि मनोरा त्यांना घेऊनच खाली आला. तिघांना पुरलं. आतेभावाचं पुरण्याजोगं काही हाती लागलं नाही. मागच्या भिंतीवर चौघांच्या नावांची पितळी पाटी बसली, आणि तीच आत्यानं त्याची कबर मानली. त्याचं नाव सगळ्यांत शेवटी, खालून पहिली ओळ.

बाकीच्या पितळावर ती नुसतं फडकं फिरवायची. त्या ओळीला मात्र पॉलिश लावून अंगठ्यानं जोर देऊन घासायची. जुनं पितळ आहे, कोरड्या कापडानं पुसत जा, असं सांगून पाद्री थकले. माझ्या पोराचं तोंड कसं धुवायचं ते मला शिकवू नका, म्हणाली. पुढे मोतीबिंदूनं डोळे गेले तशी ती चाचपून घासू लागली, आणि बोटं तर पॉलिशनं कधीच निबर झाली होती.

मग छत गळायला लागलं, माणसंही उरली नाहीत, आणि चर्च विकायचं ठरलं. पाट्यांवरची नावं नव्या चर्चमध्ये दगडावर कोरून घ्यायची होती. आत्याच्या जिवाला एकच घोर, पोराचं नाव तिकडे जातं की मागेच राहतं. कोरणारा कारागीर यायचा होता त्या दिवशी ती मला ओढतच घेऊन गेली.

कारागीर बॅटरीच्या उजेडात नावं वाचत गेला. तीन झाली आणि तो थांबला.

"पुढचं वाचा की," आत्या म्हणाली.

"पुढे काही नाही, बाई. कोरं आहे."

मी वाकून पाहिलं. वरची तीन नावं ठळक होती. त्यांच्याखाली नुसतं लखलखीत पितळ, त्यात माझाच चेहरा दिसत होता. आत्यानं तिथे अंगठा फिरवला, मग नख. परत नख. तिचा हात तिथेच थांबला आणि तिला कळलं हे मला कळलं. मला रडू फुटलं, आणि रागही आला. कोणाचा, ते अजून सांगता येत नाही.

पाद्री घाईघाईनं म्हणाले, नाव आम्हाला ठाऊक आहे, दगडावर चारही नावं येतील. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्यानं हातातलं फडकं बाकावर ठेवलं आणि कारागिराकडे तोंड केलं.

"तो दगड वर लावा. माझा हात पोचणार नाही इतका वर."

तसाच लावलाय. रविवारी मी तिला नव्या चर्चमध्ये नेते आणि ती त्या दगडाखाली बसते. दिसत तर नाहीच, आता हातही लागत नाही. "आहे ना ग?" एवढंच विचारते. मी आहे म्हणते.