सत्तर उरले होते

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिक्रापूरला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. आप्पांचा थोरला मुलगा एवढंच म्हणाला, "बबनदादा, आप्पा गेलं सकाळी." माझा घास हातातच राहिला. माणूस गेल्यावर आधी दुःख व्हावं. मला आधी वाटलं ते वेगळंच... आता सांगायचं राहूनच गेलं. महिना होऊन गेला, तरी ते वाटणं काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आप्पा म्हणजे दौंडच्या लोको शेडमधले फिटर. माझे कुणी नात्यातले नव्हेत. मी राहू गावचा, कामाच्या शोधात दौंडला खोली घेऊन राहिलो तो त्यांच्या शेजारी, एवढाच संबंध. पण त्या काळात त्यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जो गेला तो त्यांचाच होऊन जायचा. शेडच्या भिंतीवर डार्टचा गोल बोर्ड होता. रेल्वे क्वार्टरमध्ये पूर्वी त्यांच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहत. आप्पा त्यांच्याकडून हा खेळ शिकले. साहेब मुलांकडे परदेशी निघाले तेव्हा बोर्ड आप्पांच्या हवाली करून गेले. "साहेब म्हनले, भिंत रिकामी ठिवू नकोस," हे आप्पांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल, त्याची गणती नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी शेड बांधली ती त्या बोर्डासाठी, आणि दर सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन उरकून लोक घरी परतले की, तिथे टुर्नामेंट सुरू व्हायची.

पहिल्या वर्षी आठ माणसं होती, त्यातली तीन घरची. पुढे वरवंडहून किराणावाला पोपट यायला लागला, मग कंपनीतली पोरं, मग एक बिहारी वेल्डर, जो प्रत्येक नेमाआधी "जय बजरंगबली" म्हणायचा आणि हटकून वीस सोडून शेजारच्या एकावर मारायचा. उभं राहायची रेघ म्हणजे रुळाखालच्या जुन्या स्लीपरचा तुकडा. बाणांची पिसं आप्पा टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायचे, त्यामुळे कुणाच्या तरी बरगड्या हवेत उडायच्या. बक्षीस म्हणून आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातची पुरणपोळी, आणि भिंतीवरच्या लाकडी पाटीवर पांढऱ्या रंगात नाव. त्या नावासाठी माणसं वर्षभर झुरायची. मीही त्यातलाच.

खेळ सोपा. पाचशे एकपासून सुरुवात, मारलेले वजा करत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण कडेच्या बारीक पट्टीत, म्हणजे आकडा दुप्पट धरतात त्या डबलमध्येच हवा. वजाबाकी मांडायला फळा आणि खडू. आता फळा म्हटला की भांडण आलंच. दुसऱ्याच वर्षी आकड्यावरून दोघे गचांडीला आले, तेव्हा आप्पांनी दोन नियम घातले. हरणाऱ्यानं पुढच्या डावाचा खडू धरायचा, म्हणजे रुसून घरी जाता येत नाही. आणि फळ्यावर चूक झाली तर ज्याचा आकडा त्यानंच बोलायचं. "दुसऱ्यानं मधी त्वांड घालायचं न्हाई. माझा आकडा मीच सांगनार, तुझा तू," असं ते म्हणायचे. त्यानंतर शेडमध्ये आकड्यावरून भांडण झालं नाही.

आप्पा स्वतः कधी जिंकले नाहीत. यजमान म्हणून चहा बघ, बाणांची टोकं घास, बोर्ड एकाच जागी झिजू नये म्हणून आकड्यांची कडी फिरव, यातच त्यांचा जीव. पण एका वर्षी, सातवं असेल, ते फायनलला आले आणि समोर मी होतो. शेडच्या दारात माणसं दाटली होती. काकूसुद्धा हात पुसत बाहेर आल्या. खडू पोपटकडे होता. माझे शहाण्णव उरले होते, मी मारले सव्वीस. उरायला हवेत सत्तर. पोपटनं लिहिले साठ.

मी ते पाहिलं. सत्तरला माझ्यासारख्याला तीन बाण लागतात, साठला माझे दोनच पुरतात, हा हिशोब डोक्यात क्षणात झाला... आणि मी गप्प बसलो. आता पाळी आप्पांची होती. ते स्लीपरवर येऊन उभे राहिले, पण बाण उचलेनात. फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बबन, तुझा आकडा बराबर हाय न्हवं?"

"व्हय आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी तीन बाण मारले. त्यांचे बत्तीस उरले, म्हणजे त्यांचा लाडका डबल सोळा, जो ते चहाचा कप हातात धरूनही मारायचे. पण त्यांची पाळी पुन्हा आलीच नाही. मी एक वीस मारला, मग डबल वीस. तिसरा बाण हातातच राहिला. लोकांनी मला उचललं. आप्पांनी पाठीवर थाप मारली आणि माझं नाव पाटीवर स्वतःच्या हातानं रंगवलं, सावकाश, शिरोरेघसुद्धा वाकडी होऊ न देता. पुढच्या वर्षी पहिल्या डावाचा खडू, नियमाप्रमाणे, त्यांनी मुकाट्यानं धरला.

त्यानंतर ते फायनलला आले नाहीत. डोळे अधू झाले. कंपन्यांत सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम सुरू झाला, माणसं कमी झाली, आणि एका सव्वीस जानेवारीला मी आणि आप्पा दोघेच शेडमध्ये बसून चहा प्यालो. त्या दिवशी तरी सांगायचं. ओठावर आलं होतं. आप्पा म्हणाले, "पोळी खाऊन जा," आणि मी खाऊन गेलो. मी भित्रा आहे, दुसरं काय!

परवा काकूंना भेटायला गेलो. शेड झाडून ठेवलेली होती. बोर्ड जागेवर, पाटीवर माझं नाव, फळा पुसलेला, खाली बोटभर खडू. काय वाटलं कोण जाणे, मी खडू उचलला, साठ लिहिले, ते पुसले आणि खाली सत्तर लिहिले.

"सत्तर," मी मोठ्यानं म्हणालो.

दारात काकू उभ्या होत्या. "काय रं?"

"काकू, त्या वर्षी फायनलला माझे सत्तर उरले होते. फळ्यावर साठ होते. आप्पांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोललो."

 काकूंनी कोनाड्यातून डबी काढली, तीन बाण माझ्या हातावर ठेवले.

"मग मार की आता. सत्तर हाईत तर सत्तर."

मी स्लीपरवर उभा राहिलो. पहिला वीसवर बसला. दुसरा दहावर. डबल वीस उरला, तोच, जो तेव्हा सहज लागला होता. तिसरा बाण बोर्डाच्या तारेवर आपटला आणि खाली फरशीवर पडला.

काकूंनी बाण उचलला, पदरानं पुसला आणि डबीत ठेवला. खडू माझ्या डाव्या हातात तसाच होता. मी सत्तर पुसले, आप्पांचे बत्तीस लिहिले, आणि आता पाळी त्यांची म्हणून फळ्याशेजारी बाजूला होऊन उभा राहिलो.